मापाला उभा राहिलेला माणूस

डिसेंबर निम्म्यावर यायच्या आत सोलापुरात आठ-पंधरा दिवस खरी थंडी पडून जाते. वर्षभर उन्हात भाजून निघालेल्या गावाला तेवढ्या थंडीचं कौतुकही फार आणि कुरकुरही फार. त्या रविवारी सकाळी वारा उत्तरेकडून सुटला होता. कोरडा, ओठ फोडणारा. बाळीवेशीमागच्या बोळात गुरुशांत म्हमाणे रात्रभर टबात भिजवलेलं पांढरं कापड पिळून दोरीवर टाकत होता. नवं सुती कापड एकदा पाणी पिऊन आटलं पाहिजे, मगच त्याला कात्री लावायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात सदरा आखडतो आणि गिऱ्हाईक शिंप्याच्या नावानं शिमगा करतं.

संक्रांत महिन्यावर आली होती. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, आणि यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्यांमागं चालायचं तर अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी पाहिजेच. गुंडी नाही, काज नाही. छातीवर एकावर एक पदर घ्यायचा आणि बारा बंदांनी बांधून टाकायचा, असा हा सदरा. हल्ली तयार मिळतात, पण जुन्या घरांतली माणसं अजून गुरुशांतकडं येत. साठी ओलांडलेला हा सडपातळ माणूस दोन खोल्यांत एकटा राहायचा. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत गॅस आणि भिंतीवर बायकोचा फोटो.

"गुरुशांता," समोरच्या ओट्यावर उन्हाला बसलेली निंगव्वा शेंगा फोडता फोडता म्हणाली, "माझ्या चन्नूची बाराबंदी यंदा तरी सैल कर रे. मागल्या खेपंला पोट आत धरून चाललं की नातू माझं. देवापाशी पोचस्तोवर निळंजांभळं झालतं."

"अक्का, बाराबंदीला सैल-घट्ट काय असतंय? बंद सैल बांधायचं."

"मग शिलाई कशाची घेतोस? बंद आमीच बांधायचं, पोट बी आमचंच!"

गुरुशांत हसला. ओले हात लुंगीला पुसत तो आत गेला. मशीनच्या टेबलावर मोबाईल उभा करून ठेवलेला असायचा, आणि त्यावर बारीक आवाजात अरबी बातम्या लागलेल्या असायच्या. बोळातल्या लोकांना ही त्याची खोड माहीत होती. वीस वर्षं कुवेतला कपडे शिवून आलेला माणूस; त्याला ती भाषा वाचता येत नव्हती, पण कानाला निम्मीशिम्मी कळायची. सोलापुरात त्याच्याशी त्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. निदान कानावर तरी पडावी, एवढंच.

त्यानं चष्मा लावला, सुई हातात घेतली, आणि बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज नेहमीसारखा नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. आवाज कापत होता. मग पडद्यावर चौक दिसला, माणसांनी फुललेला, आणि एक मोठा पुतळा दोरखंडानं ओढून पाडलेला. बाई पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती. पडला. पडला. पडला.

गुरुशांतनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. मग ती पुन्हा काढली, पुन्हा खोचली. उठून ओट्यावर आला.

"अक्का, पळाला."

"कोन, मांजर? दूध झाकलंय का बग."

"सीरियाचा राष्ट्राध्यक्ष. तेरा-चौदा वर्षं लोक मरत हुते, तरी हालत नव्हता. रातोरात इमानात बसून पळाला."

"अय्य शिवने!" निंगव्वानं शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "तुझा कोन लागत हुता?"

"माझा कुणी न्हाई."

"मग पळंना का!" आणि तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

गुरुशांतला घरात बसवेना. त्यानं सदरा चढवला, चौकातल्या हलवायाकडून पाव किलो पेढे घेतले आणि सयाजीच्या चहाच्या टपरीवर जाऊन पुडा उघडला. रविवारची गर्दी होती. सयाजीनं गाळणं हातात धरूनच विचारलं, "काय ओ काका, तुमच्या लेकीला, महेश्वरीला काय झालं? पोरगा का पोरगी?"

"तिचं न्हाई. सीरिया सुटला."

"कुठनं सुटला?"

"हुकूमशहाच्या तावडीतनं. पळून गेला तो. आज पहाटं."

सगळ्यांनी पेढा घेतला. पेढ्याला कोण नाही म्हणतंय? एकानं मोबाईलवर शोधून बघितलं आणि खरंय की, म्हणाला. दुसऱ्यानं तिथं तेल निघतंय का, म्हणून चौकशी केली. सयाजी चहा ओतत बोलला, "काका, आपल्या वॉर्डात पाणी पाच दिवसाआड यायलंय. हितं कवा क्रांती हुनार, ते बोला आदी."

माणसं हसली. गुरुशांतही हसला, कारण विनोद खरा होता. मग विषय पाण्यावर गेला, तिथून महापालिकेच्या निवडणुका कधी लागणार यावर गेला, आणि पुड्यात उरलेले चार पेढे घेऊन गुरुशांत घरी आला. त्यानं मोबाईल घेतला आणि एका नंबरावर निरोप बोलला. मोडक्यातोडक्या अरबीत, आवाज चढवून, "अरे अबू करम! बघतोयस ना? कुठं आहेस? करमची काही खबर?"

निरोपाखाली एकच करडी खूण उमटली. गेल्या ईदेपासून त्या नंबरावर दुसरी खूण उमटत नव्हती.

अबू करम कोण, हे इकडं फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक, गुरुशांतची बायको, आता फोटोत होती. दुसरी, लेक महेश्वरी, पुण्याला.

कुवेतमधलं ते दुकान एका कुवेती मालकाचं, पण आत चालणाऱ्या कात्र्या साऱ्या परमुलखातल्या. मलबारी, बंगाली, इस्त्रीला मिसरचा इब्राहिम, आणि कापायच्या टेबलावर सीरियाच्या होम्स गावचा एक उंच, कमी बोलणारा माणूस. तिकडं माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत. त्याचा थोरला करम, म्हणून तो अबू करम, करमचा बाप. गुरुशांत हे नाव तिथं कुणाच्या जिभेवर बसेना. पहिल्याच आठवड्यात अबू करमनं विचारलं, "तुझा थोरला कोण?"

"पोरगा नाही. एकच पोरगी. महेश्वरी."

मलबारी फिसकन हसले. अबू करमनं कापडावरची नजर न काढता सांगितलं, "मग तू अबू महेश्वरी."

गावी भावकीत 'एकच पोरगी हाय बिचाऱ्याला' असं ऐकायची सवय झालेल्या माणसाला ते नाव अंगावर नवा सदरा चढावा तसं बसलं. पुढं सगळं दुकान त्याला तसंच हाक मारू लागलं.

मग ते वर्ष आलं, अरबांच्या एकेका देशात लोक रस्त्यावर उतरले ते. दुकानात टीव्ही होता, पण मालकाची सक्त ताकीद होती: इथं राजकारण बोलायचं नाही, ज्याला बोलायचंय त्यानं आपल्या गावाला जाऊन बोलावं. म्हणून टीव्हीचा आवाज बंद आणि चित्रं चालू. इब्राहिमच्या देशातला चौक रात्रंदिवस दिसायचा. ज्या संध्याकाळी तिथला सत्ताधीश गेला, त्या संध्याकाळी इब्राहिम इस्त्री कपड्यावरच विसरून टेबलांमधून नाचत सुटला. एका शेखाच्या पांढऱ्या झग्यावर पाठीमागं इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला. मालकानं त्याच्याकडून झगा भरून घेतला, तरी इब्राहिम दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन आला. सगळ्यांनी गळाभेट घेतली. अबू करमनंही घेतली, आणि परत आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

गुरुशांतनं सहज विचारलं, "तुमच्याकडं कधी?"

अबू करमनं आधी दाराकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग छताकडं. आणि परत कापडावर वाकला. इतक्या लांब, दुसऱ्याच्या देशात, मिशीला पांढरं लागलेला माणूस छताला भितो, हे गुरुशांतनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्यांच्याकडंही लोक उठले. पण तिथं मिठाई आली नाही. पुढच्या वर्षी करम, सोळा वर्षांचं पोरगं, सकाळी भाकरी आणायला म्हणून बाहेर पडलं आणि वाटेतल्या चौकीवर शिपायांनी त्याला गाडीत घातलं. कुठं नेलं, कुणी सांगितलं नाही. विचारायला गेला त्यालाही नेलं.

ईद जवळ आली तशी अबू करमनं एक निळसर कापड टेबलावर अंथरलं. दरवर्षी तो ईदेला मुलासाठी सदरा शिवून पाठवायचा. त्यानं कात्री उचलली, आणि गुरुशांतच्या तोंडून निघून गेलं, "माप कुणाचं घेतलंस?"

अक्कलकोटच्या शिवराज मास्तरांच्या हाताखाली गुरुशांत शिकलेला. मास्तरांचा एकच नेम होता: अंग समोर उभं असल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. अंदाजानं कापलेला कपडा माणसाला लाभत नाही, म्हणायचे. गुरुशांतनं ते तसंच्या तसं भाषांतर करून सांगून टाकलं. अबू करमनं कात्री ठेवली, कापडाची घडी घातली आणि दोन-तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

गुरुशांतला जेवण जाईना. शेवटी दुकान बंद व्हायच्या वेळी तो कापायच्या टेबलासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"घे."

"काय?"

"माप. मी बारीक आहे. पोरासारखाच. माझ्या अंगावर घे."

अबू करमनं हातातली कात्री ठेवली. मग गळ्यातली टेप काढली आणि मापं घेतली. खांदा, छाती, बाही. खांद्याला त्यानं अर्धं बोट कापड जास्त धरलं. "वाढतं वय आहे," म्हणाला.

तेव्हापासून दर ईदेला ते ठरूनच गेलं. गुरुशांत उभा राहायचा, अबू करम माप घ्यायचा आणि दरवर्षी थोडं थोडं वाढवायचा. आता दाढी फुटली असेल. आता छाती भरली असेल. आता आजोबासारखा रुंद झाला असेल. शिवलेला सदरा कागदात गुंडाळून पिशवीत जायचा. गुरुशांतनं करमला कधी पाहिलं नव्हतं. एक पासपोर्टचा फोटो तेवढा, कान पुढं आलेल्या पोराचा. पण त्या मुलाचे खांदे तो स्वतःच्या खांद्यांइतके ओळखत होता.

बायको गेली, पुढच्या वर्षी करोनात दुकान बसलं, आणि गुरुशांत कायमचा परत आला. अबू करमचाही परवाना संपला. तो तुर्कस्तानात बहिणीकडं गेला, तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात लागला. सुरुवातीला निरोप यायचे. मग फक्त ईदेला. मग तेही नाही.

त्या रविवारनंतर गुरुशांतचं काम मागं पडत चाललं. तिकडं तुरुंग फोडले होते. माणसं बाहेर येत होती. काही चालत, काही दुसऱ्याच्या पाठीवर. कुणाला आपलं नाव सांगता येत नव्हतं. कुणी ती चित्रं टिपून मोबाईलवर टाकत होतं आणि गुरुशांत एकेक चित्र थांबवून, बोटांनी मोठं करून बघत बसायचा. चेहऱ्यांवरून त्याला काही कळत नसे. तो खांदे बघायचा. दोरीवरचं कापड वाळून खडखडीत व्हायचं, दुपारच्या वाऱ्यात फडफडायचं, आणि निंगव्वा ओट्यावरून ओरडायची, "अरे गुरुशांता, कापड घे की आत! धूळ बसायलीय. देवाचं हाय ते!"

बुधवारी महेश्वरीचा फोन आला. ती पुण्यात एका कंपनीत होती.

"अप्पा, जेवलात का?"

"व्हय."

"काय जेवलात?"

"भाकरी. आमटी."

"खोटं. निंगव्वाआजींनी मला फोन केलता. म्हणाल्या, तुझा बाप दिवसभर मोबाईलमध्ये हाडकं बघत बसतोय, गॅस पेटवत न्हाई. मग मला त्यांना करमचं, मापाचं सगळं सांगावं लागलं."

"त्या म्हातारीला दुसरं काम न्हाई."

"अप्पा."

"महेश्वरी, माणसं बाहेर यायलीत गं. एकेक जण दहा-दहा वर्षांनी. त्यात तो असंल."

"असला तरी तुम्हाला ओळखू कसा येणार? कधी बघितलंय त्याला?"

"माप माहीत हाय मला त्याचं."

पलीकडं ती हसली. "माप! माझं माप कधी जमलंय तुम्हाला?"

"म्हंजे?"

"दर दिवाळीला तुमचं पार्सल यायचं ना. इतके सुंदर फ्रॉक. काखेतच अडकायचे, अप्पा. डोक्यातनं खाली यायचेच नाहीत."

गुरुशांतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. दोन वर्षांतून एकदा महिनाभर तो घरी यायचा. जाताना पोरगी जेवढी बघितलेली असायची, तेवढीच त्याच्या डोळ्यांत राहायची. तिकडं बसून तो तेवढीच कापायचा. मास्तरांचा नेम त्याला तिथं आठवला नव्हता.

"तुझी आई कधी बोलली न्हाई."

"ती म्हणायची, अप्पांना सांगू नको. एकटे असतात तिकडं. मनाला लावून घेतील."

"मग ते फ्रॉक?"

"निंगव्वाआजींची धाकटी नात दाक्षायणी घालायची. मी तिच्या अंगावर बघायची." मग ती म्हणाली, "अहो, मी चिडून सांगत नाहीये. आठवलं म्हणून बोलले. तो सापडला की मला फोन करा. कितीही वाजलेले असू दे."

फोन ठेवल्यावर गुरुशांतनं गॅस पेटवला. आमटी केली. ती न जेवता झाकून ठेवली आणि परत मोबाईल घेतला.

शुक्रवारी दुपारी ऊन ओट्यावर आलं असताना फोन वाजला. नंबर अनोळखी, भलताच लांब. उचलला तर पडद्यावर अंधार, मग एक भिंत, मग लोकरीची टोपी घातलेला म्हातारा. मिशी पार पांढरी झालेली.

"अरे अबू महेश्वरी!"

गुरुशांत उभा राहिला. खुर्ची मागं पडली. कुवेत सोडल्यापासून त्या नावानं अशी तोंडी हाक त्याला कुणी मारली नव्हती. त्याला अरबी सुचेना.  कसंबसं 'मुबारक' म्हणाला. तुझा देश सुटला, म्हणाला. आणि मग, "करम?"

"आधी तुझं सांग," अबू करम म्हणाला. "कात्री चालते का? डोळे कसे आहेत? मुलगी?"

गुरुशांतला तिथंच कळलं. तरी तो म्हणाला, "बरंय सगळं. मुलगी बरी आहे. तू बोल."

अबू करम बोलू लागला. खाली बघून, कापताना बोलायचा तसा. बातमी कळली त्याच रात्री तो तुर्कस्तानातून निघाला होता. मालाच्या ट्रकमध्ये बसून सरहद्द ओलांडली. बरोबर दुसरं काही घेतलं नाही, फक्त सदऱ्यांची पिशवी. सगळ्या ईदांचे सदरे. राजधानीजवळच्या तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "तोंडं बघत नव्हतो मी. इतक्या वर्षांत तोंड बदलतं. तुझे खांदे शोधत होतो."

गुरुशांतनं मान हलवली.

"थंडी आहे इथं. बाहेर येणाऱ्यांच्या अंगावर काही नव्हतं. एक पोरगा माझ्यासमोर येऊन कुडकुडत उभा राहिला. मी पिशवीतून एक सदरा काढून दिला. मग दुसऱ्याला दिला. मग देतच गेलो. कुणालाच बसला नाही रे. एकेका सदऱ्यात दोन-दोन माणसं मावली असती. आपण किती चुकीचं माप धरलं, अबू महेश्वरी. वाढवतच गेलो आपण."

बोळातून भंगारवाल्याची गाडी गेली. 

"शेवटची खोली उघडली," अबू करम म्हणाला. "जमिनीखालची. तिच्यातही नव्हता."

गुरुशांतनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, पण बसला नाही.  पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून परत घातली.

"आता होम्सला आहे. घर निम्मं उभं आहे. बायकोचं मशीन सापडलं, गंजलंय, पण चालतं. शेजारच्या दवाखान्यात तुरुंगातनं आलेली पोरं ठेवलीत. त्यांच्यासाठी शिवायला बसलोय. कापड मिळतंय. पण टेप घेऊन जवळ गेलं की ती ओरडतात. हात लावू देत नाहीत. गळ्यातनं काही घालू देत नाहीत. काहींचे हात वर जात नाहीत, खांद्यातून मोडलेत. माप कसं घेऊ? तू असतास तर तुला उभं केलं असतं. पण तुझंही माप आता उपयोगाचं नाही."

गुरुशांत दाराबाहेर बघत होता. दोरीवर धुतलेलं पांढरं कापड वाऱ्यात हलत होतं. टेबलावर दोन तयार बाराबंद्या घडी घालून ठेवलेल्या. आठवडाभरात तेवढ्याच शिवून झाल्या होत्या, आणि एकाही गिऱ्हाइकाच्या अंगाला त्यानं टेप लावली नव्हती.

"थांब," तो म्हणाला. मोबाईल मशीनला टेकवला, वरची बाराबंदी उचलली आणि स्वेटरवरूनच चढवली. हात बाजूलाच ठेवून, आधी एक बाही, मग दुसरी. मग पदर छातीवर घेऊन एकेक बंद बांधू लागला.

"गळ्यातून घालायला लागत नाही. हात वर करायला लागत नाहीत. ज्याचा त्यानं बांधायचा. बारीक असेल तर ओढून, भरला की सैल. आज एवढा, पुढच्या महिन्यात तेवढा. माप नाही याला."

अबू करमनं मोबाईल तोंडाजवळ आणला. पडद्यावर आता नुसता एक डोळा दिसत होता, कापणाऱ्याचा.

"फिर. पाठ दाखव. पाठ अखंड?"

"अखंड."

"काखेत काय लावलंस?"

"चौकोनी तुकडा. तिरपा."

"जवळ आण. बटण?"

"एकही नाही."

"बंद त्याच कापडाचे?"

"त्याच. वाया जाणाऱ्या कडांचे."

"किती?"

"बारा. सहा जोड्या. आतले आत, बाहेरचे बाहेर."

पलीकडून खडूचा आवाज येऊ लागला. तो टेबलावर रेघा मारत होता. गुरुशांत बाही पसरून रुंदी दाखवत होता, घेर किती सोडायचा ते वितीनं सांगत होता, आणि अडलेला अरबी शब्द बोटांनी पुरा करत होता. कुवेतच्या दुकानात संध्याकाळी चालायचं तसं चाललं होतं.

"हे काय रे सोंग?" दारातून निंगव्वा आत आली. हातात शेंगांची वाटी. "यात्रा आत्ताच का? स्वेटरावर बाराबंदी! कुणाला दाखवायलास?"

"अक्का, हा बघ. अबू करम."

निंगव्वानं मोबाईलमध्ये तोंड घातलं. "हाच का तुझा शिरियावाला? म्हातारा झालाय की." मग पडद्याकडं बोट करून तिनं ठणकावलं, "ओ पाव्हणं! बंद जरा घट्ट शिवा. हा ढिलं शिवतोय. चालता चालता सुटत्यात."

"काय म्हणते?" अबू करमनं विचारलं.

गुरुशांतनं सांगितलं. अबू करम हसला. पहिल्यांदाच. हसता हसता त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली, आणि मग म्हणाला, "तिला सांग, दुहेरी टाका घालीन. एक आधी..." आणि पडदा तिथंच गोठला. टोपीची कड, पांढरी मिशी, अर्धं उघडलेलं तोंड. मग तेही गेलं. तिकडं वीज गेली असावी. गुरुशांतनं परत लावून बघितला. लागला नाही.

निंगव्वा वाटी घेऊन उभीच होती.

"पोरगं सापडलं का रे त्याचं?"

"न्हाई, अक्का."

ती भिंतीला धरून खाली बसली. वाटी मांडीत ठेवत म्हणाली, "तुझ्या मापाचं हुतं न्हवं?"

"व्हय."

"चहा टाकू का?"

"नको."

"टाकते," म्हणत ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मागच्या खोलीत गेली. डबे वाजवत साखर हुडकू लागली. झाकलेली दोन दिवसांची आमटी तिला सापडली आणि आतून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

गुरुशांतनं एकेक बंद सोडून बाराबंदी उतरवली, घडी घातली. मोबाईल हातात घेतला. सापडला की फोन करा, महेश्वरी म्हणाली होती. सापडला नाही, याचा फोन करायचा असतो की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्यानं तिचं नाव काढलं, बघितलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. संध्याकाळी करू, ती कामावरून सुटल्यावर.

बाहेर वारा वाढला होता. त्यानं दोरीवरचं कापड काढलं, झटकलं, आत आणून टेबलावर ठेवलं. चन्नूच्या बाराबंदीचे बंद उलटे शिवून पडले होते. ते सुलटे करायचं काम राहिलं होतं. हे काम किचकट. करंगळीहून बारीक नळी, तिच्या टोकाला दोरा अडकवायचा, दाभण आतून घालायचं आणि कापड स्वतःतूनच ओढून बाहेर काढायचं. घाई केली की दोरा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानं चष्मा पुसला, पहिला बंद उचलला आणि दाभणात दोरा ओवला.